मणक्याला मार बसल्यानंतर ‘स्वीकार’ कुठून सुरू होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला २७ वर्षांचा मुलगा. आंबे काढताना झाडावरून पडला, डी-१२ चा (पाठीतला, कमरेच्या लगेच वरचा) मणका मोडला, ऑपरेशन करून रॉड बसवले. ८ महिने झाले, कमरेखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. डॉक्टरांनी ‘कम्प्लीट इंज्युरी’ (दुखापतीखाली हालचाल आणि संवेदना दोन्ही पूर्ण गेलेल्या) असं सांगितलंय. व्हीलचेअर घरात पडून आहे, तो बसत नाही. ‘बसलो म्हणजे हरलो’ म्हणतो. नातेवाईक म्हणतात, देव ज्याची परीक्षा घेतो त्यालाच मोठं करतो. घरचे कलमांची बाग गहाण टाकून स्टेम सेलच्या उपचाराला न्यायचं म्हणताहेत. बहीण विचारते: त्याला हे स्वीकारायला कसं लावू? आणि अशा संकटातून माणूस खरंच घडतो, की हे नुसतं बोलायचं?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणारी. मणक्याच्या दुखापतीचे पेशंट हेच माझं रोजचं काम आणि ते करता करता केस पिकले. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

ताई, आधी बागेचं बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. बाग गहाण टाकू नका. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांत जे बोन मॅरोचं प्रत्यारोपण करतात तेवढं सोडलं, तर बाकी सगळा स्टेम सेलचा प्रकार फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच (क्लिनिकल ट्रायलमध्ये) करता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. कुणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर त्याने दुकान मांडलंय असं खुशाल समजा. तुम्हाला पैसा लागणार आहे, पण तो दुसरीकडे: बसायची चांगली गादी, मापाची व्हीलचेअर, संडास-मोरीची दुरुस्ती, आणि काही आठवडे पुनर्वसन केंद्रात राहण्याचा खर्च. त्यासाठी बाग जायची गरज नाही.

आता भाऊ. स्वीकारायला ‘लावता’ येत नाही. या ८ महिन्यांत डॉक्टर, फिजिओ, मामा, काका, भेटायला आलेलं अर्धं गाव, सगळ्यांनी त्याला हे ऐकवलं असणार. दर वेळी त्याच्या कानावर गेलं असेल ते एवढंच, की ‘आता तू असाच राहणार.’ याला हो म्हणायचं कसं? कालपर्यंत झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन शेंड्याला जाणाऱ्या पोराने तर नाहीच म्हटलं पाहिजे. त्याचा राग मला काळजीचा वाटत नाही. मला काळजी वाटते ती पलंगाची. आठ महिने तो पलंगावर आहे आणि पलंग त्याला आतून-बाहेरून खातोय.

वस्तुस्थिती त्याला माहीत असली पाहिजे हे खरं. मज्जारज्जूच्या दुखापतीत जी सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते, नंतर थोडीफार पुढच्या वर्षात. नीट तपासणी करून दुखापत ‘कम्प्लीट’ ठरली असेल, तर आठव्या महिन्यानंतर पायांत कामाची ताकद परत येण्याची शक्यता फार कमी असते. हे त्याला एकदा, स्पष्ट, समोर बसून सांगितलं गेलं पाहिजे. सांगावं डॉक्टरांनी. तुम्ही बहीण राहा. आणि एकदा सांगून झालं की घरात त्याची उजळणी नको.

मात्र त्याच बैठकीत दुसरी अर्धी गोष्टही सांगायची असते, आणि तीच बहुतेक वेळा राहून जाते. डी-१२ म्हणजे दोन्ही हात, छाती, पोट हे सगळं त्याच्या ताब्यात आहे. या पातळीची दुखापत झालेला तरुण माणूस योग्य प्रशिक्षणानंतर पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, कमोडवरून आंघोळीच्या खुर्चीवर एकटा जातो. कपडे स्वतः घालतो, ओटा खाली घेतला तर स्वयंपाक करतो, बाजूला चाकं लावलेली स्कूटर चालवतो. कॅलिपर (पायांना बांधायचे आधार) आणि वॉकर घेऊन थोडं उभं राहणं, चार पावलं टाकणंही जमतं. त्यात दम फार जातो, म्हणून रोजच्या वापराला बहुतेक जण खुर्चीच पसंत करतात. भावाने खुर्चीकडे अजून या नजरेने पाहिलेलंच नाही, कारण कुणी दाखवलं नाही.

चालण्याच्या आशेचं काय करायचं? काही करायचं नाही. ती तिथेच राहू द्या. पाच-दहा वर्षं खुर्चीत असलेले, दुकान चालवणारे, पोराबाळांना शाळेत सोडणारे माझे पेशंट आजही म्हणतात, ‘काहीतरी शोध लागेल, मॅडम.’ मी कधी वाद घालत नाही. आशा त्यांना अडवत नाही, कारण तिच्यासाठी त्यांनी आजचा दिवस अडवून धरलेला नाही. भावाशी बोलताना एवढाच भाग उचला: चालायचं तेव्हा चाल, पण संडासला आज कसा जाणार आहेस?

माझ्या पाहण्यात स्वीकाराची सुरुवात मनापासून होत नाही, लघवीपासून होते. हसू नका. आत्ता बहुधा त्याला कायमची नळी असेल, पलंगाला पिशवी लटकत असेल आणि ती आई रिकामी करत असेल. कायम नळीने संसर्ग आणि खडे होण्याचा धोका असतोच. पण २७ वर्षांच्या मुलाची लघवी आईने रोज मोजायची, त्याने माणसाचं जे होतं ते कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. युरोलॉजिस्टला भेटा, मूत्राशयाची तपासणी करून घ्या, आणि विचारा की याला स्वतः नळी घालून लघवी काढायला शिकवता येईल का. आमच्याकडे त्याला सीआयसी म्हणतात. हात साबणाने धुवायचे, टेकून बसायचं, जेली लावून पातळ नळी सरकवायची, मूत्राशय रिकामं झालं की नळी काढून टाकायची. दर चार ते सहा तासांनी. एका वेळी साधारण ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही, म्हणून पाणीही हिशेबाने प्यायचं. वही ठेवायची: वेळ, किती प्यायलं, किती निघाली.

पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात. हात थरथरतो, किळस येते, रडूही येतं. सांगली बाजूचा एक गवंडी आमच्याकडे होता, पहाडावरून पडलेला. (पहाड म्हणजे बांधकामाचा, बांबूंचा.) आल्यापासून भिंतीकडे तोंड करून निजायचा, विचारलेल्याला उत्तर नाही. सीआयसी शिकला तोही कुणावर तरी उपकार केल्यासारखा. काही दिवसांनी एका सकाळी मला हाक मारून म्हणाला, ‘मॅडम, साडेदहाला काढलीय. म्हणजे अडीचपर्यंत मी मोकळा. तेवढ्यात भाजी मार्केटला जाऊन परत येता येईल का?’ आठवड्यांनंतर त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला प्रश्न, आणि तो पुढच्या चार तासांबद्दलचा होता. आम्ही गेलो. रिक्षावाल्याशी त्याने भाड्यावरून वाद घातला आणि मला बरं वाटलं.

‘मी हे स्वीकारलं’ असं तो कधीच म्हणाला नाही, नंतरही नाही. शरीराचा कारभार हळूहळू त्याच्या हातात आला, आणि कारभार ज्याच्या हातात असतो त्याला ते शरीर आपलं म्हणावंच लागतं.

कातडीचंही तसंच. खाली दुखत नाही, म्हणून बसल्या जागी मांस दबून काळं पडतं आणि पत्ता लागत नाही. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलायचं, किंवा एका बाजूला आणि मग पुढे नीट झुकून दोन-दोन मिनिटं थांबायचं. सकाळ-संध्याकाळ हातात आरसा घेऊन माकडहाड, बसायची हाडं, टाचा स्वतः पाहायच्या. लालसर डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर त्या जागेवर भार बंद. आणि कृपा करून शेकायची गरम पाण्याची पिशवी घरातून हलवा. शेक देऊन मुंग्या थांबतील म्हणून पायाला फोड आणलेले पेशंट मी दर पावसाळ्यात बघते. एक बेडसोर झाला की तीन-तीन महिने पालथं झोपणं आलं, आणि तेवढ्यात मिळवलेलं सगळं हातचं जातं.

हे सगळं मनाबद्दलच्या प्रश्नाला सोडून वाटेल. तसं नाही, आणि माझं म्हणणं नवीनही नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मणक्याच्या जखमींपुढे डॉक्टर हात टेकत. माणसं बेडसोर आणि लघवीच्या संसर्गाने जात. इंग्लंडात स्टोक मँडव्हिल इथे १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी विभाग सुरू केला तेव्हा त्यांनी आधी लावून धरली ती दोन-दोन तासांनी कूस बदलण्याची शिस्त, रात्रीसुद्धा. त्यानंतर काम आणि खेळ. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशी, त्यांच्याकडे १६ जखमी सैनिक खुर्चीत बसून तिरंदाजीला उतरले. पॅरालिंपिकचं मूळ ते. क्रम लक्षात घ्या: आधी कातडी आणि मूत्राशय, धनुष्य मागून.

आपल्याकडचं उदाहरण मुरलीकांत पेटकरांचं, सांगली जिल्ह्यातल्या पेठचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलं. पोहणं सुरू झालं ते मुंबईत नौदलाच्या रुग्णालयात, उपचार म्हणून. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेतलं, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. तुमच्या घरीही कुणीतरी भावाला हे ऐकवलं असेल, ‘बघ, नि तू काय पडून राहतोस!’ पडून राहिलेल्याला पदक दाखवलं की तो आणखी भिंतीकडे सरकतो. गोळी आणि सुवर्ण यांच्यामध्ये सात वर्षं आहेत, आणि मान्यता तर बऱ्याच उशिरा आली, हे कुणी सांगत नाही. भावाचे अजून ८ महिने झालेत.

आता तुमचा दुसरा प्रश्न. यातून माणूस घडतो का?

काही जण घडतात. मानसशास्त्रात रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात या विषयाची मांडणी केली. मोठ्या आघातानंतर लोक पाच बाबतींत बदल सांगतात: नाती घट्ट होणं, नव्या वाटा दिसणं, आपल्यात ताकद आहे हे कळणं, श्रद्धेत खोली येणं, रोजच्या जगण्याची किंमत वाटणं. दोन गोष्टी त्यांनी स्पष्ट केल्या आहेत, आणि त्याच नातेवाईक विसरतात. घडवतो तो आघात नव्हे, त्याच्याशी केलेली झटापट घडवते. आणि घडणं आलं म्हणून दुःख जात नाही; दोन्ही एकाच माणसात, एकाच दिवशी असतात. पुढे इतर संशोधकांनी असंही दाखवलं की लोक स्वतःबद्दल जेवढी वाढ सांगतात तेवढी प्रत्यक्ष मोजणीत दर वेळी दिसत नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. भेटायला आलेल्याला बरं वाटावं म्हणून पेशंट बरंच काही बोलतात.

म्हणून मी वाढ शोधते ती बोलण्यात नाही, जिन्यापाशी. आपल्याकडे रॅम्प क्वचितच असतो. तहसील कार्यालय असो की लग्नाचा हॉल, चार पायऱ्या आहेतच. नवा पेशंट तिथे मान खाली घालतो, कुणीतरी कणव येऊन उचलतं, कुणी फूटरेस्टला धरतं, तो निसटून हातात येतो, माणूस पुढे कलंडतो. तोच पेशंट दोन वर्षांनी कसा असतो? तीन अनोळखी माणसांना हाका मारतो. ‘दादा, तुम्ही मागे, हँडल धरा. तुम्ही दोघं फ्रेमला, इथे. फूटरेस्ट धरायचा नाही. मी तीन म्हटलं की उचला. आधी मागे वाकवा.’ वर गेल्यावर ‘थँक्यू’ म्हणून पुढे. उपकाराचं ओझं नाही, लाज नाही, अरेरावीही नाही. मदत मागणं आणि मदत करणाऱ्याला नीट कामाला लावणं हे आपल्यातल्या धडधाकट माणसांनाही धड जमत नाही. माझ्या बऱ्याच पेशंटना अपघाताआधी ते अजिबात येत नव्हतं, त्यांच्या बायकाच सांगतात. याला वाढ म्हणत असाल तर ती मी खूप पाहिली आहे. पण एकानेही ‘अपघात झाला ते बरं झालं’ असं मला सांगितलेलं नाही, आणि मला तसं ऐकायचंही नाही.

यावर कुणीतरी तुकोबांचा दाखला देईलच, की दिवाळं निघालं, दुष्काळाने पिडलं, ते बरंच झालं असं त्यांनी देवाला म्हटलंय. म्हटलंय, खरं आहे. पण ते त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलं, आणि स्वतःहून. शेजाऱ्याच्या घरी दुष्काळात माणूस गेलं असताना ओसरीवर बसून ‘बरं झालं’ म्हणायला ते गेले नव्हते. तुमच्या मामा-काकांना हे सांगायची हिंमत झाली तर सांगा. नाहीतर भेटीची वेळ संध्याकाळी अर्धा तास एवढीच ठेवा, तेही पुरेल.

एक फरक मात्र ओळखायला शिका. रागावणं, रडणं, ‘मी चालणारच’ म्हणणं हे ठीक आहे. पण दोन-तीन आठवडे सलग झोप उडाली, जेवण सुटलं, कशातच रस उरला नाही, ‘मी नसतो तर बरं’ अशी भाषा आली, मुद्दाम कूस बदलून घेणं बंद केलं, तर ते नैराश्य समजा आणि मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. औषधांनी फरक पडतो. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, मोफत नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, तुम्हीही बोलू शकता. अशा वेळी त्याला धीर, श्रद्धा, स्वीकार असलं काही शिकवत बसू नका.

आईचं अवघड आहे. आई भरवते, पुसते, उचलते आणि तिची पाठही जाते. तिला ‘करू नका’ म्हणून ती थांबणार नाही. तिला दुसरं काम द्या. लघवीची वही तिने लिहायची, नळी त्याने घालायची. पाणी तिने भरून ठेवायचं, हात त्याचा पोहोचेल इतक्या उंचीवर. शर्ट घालायला त्याला पंधरा मिनिटं लागली तर पंधरा मिनिटं बाहेर जाऊन बसायचं. हे आयांना सगळ्यात जड जातं.

घराचं थोडक्यात: पलंगाची उंची खुर्चीइतकी करा, गादीसकट मोजून. रॅम्पला एक इंच उंचीमागे एक फूट लांबी धरतात; तुमचा जोता तीन पायऱ्यांचा, म्हणजे दीड फुटाचा असेल तर १८ फूट लागेल. खळ्यात एवढी जागा बहुतेक घरांना असते. चिऱ्याचा बांधा, वर खरखरीत कोबा करा, गुळगुळीत नको, तुमच्याकडचा पाऊस आहे. यूडीआयडी कार्डासाठी (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) अर्ज आत्ताच करा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाला सवलती आणि आरक्षण त्यावरच अवलंबून आहे. आणि बागेचा हिशेब, फवारणीच्या तारखा, वाशीला जाणाऱ्या पेट्यांची नोंद हे काम त्याच्याकडे द्या, पण तो खुर्चीत बसायला लागल्यावर. पलंगावर दिलं तर पलंग आणखी पक्का होईल. आणि खरंखुरं द्या. तो चुकला तर घरात बोलणी बसतील, असं.

हे सगळं घरी शिकवता येणार नाही, व्हिडिओ बघून तर नाहीच. त्याला पुनर्वसन विभागात काही आठवडे भरती करा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची संस्था आहे, १९५५ पासूनची; तिथे किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएमआर (पुनर्वसनाच्या) विभागात चौकशी करा. तिथल्या मशिन्सपेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते तिथले जुने पेशंट. भावाच्याच पातळीची दुखापत झालेला, तीन-चार वर्षं खुर्चीत असलेला कुणीतरी फॉलोअपला आलेला असतो. त्याच्याशेजारी भावाला बसवा आणि तुम्ही चहाला जा. लग्नाचं काय, मुलंबाळं होतात का, संडासला किती वेळ लागतो, लोक बघतात तेव्हा काय करतोस, असले प्रश्न तो माझ्यासमोर किंवा तुमच्यासमोर कधीच विचारणार नाही. जाताना सगळे रिपोर्ट, एमआरआयच्या फिल्म, सध्याची व्हीलचेअर (माप चुकलेलं असलं तरी) आणि सैल सुती पँट घ्या, मागच्या खिशाची किंवा जाड शिवणीची नको, त्यानेही जखम होते. सोबत एकच माणूस राहा, शक्यतो तुम्ही किंवा मित्र. आईला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बोलवा, तो स्वतः ट्रान्सफर (पलंग ते खुर्ची असं सरकणं) करायला लागल्यावर.